शिवकालीन गद्यातील बारगीर

शिवकालीन मराठी गद्याचा विचार होतो तेव्हा बखर ही वाङ्मय म्हणून वाचली जाते आणि पत्र हे इतिहासाचे साधन म्हणून बाजूला ठेवले जाते. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक हानी झाली आहे. मराठा फौजेचा भार ज्याने वाहिला तो सामान्य घोडेस्वार बखरीत जवळजवळ अदृश्य आहे. तो दिसतो तो एका पत्रात. आणि ते पत्र वाङ्मयाच्या कक्षेबाहेर राहिल्यामुळे त्याचे हे दर्शनही उपेक्षित राहिले आहे.

प्रथम त्याच्या नावाचा विचार केला पाहिजे. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. ‘बारगीर’ हा शब्द फारसी. ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा; ओझे वाहणारे जनावर हा त्याचा तिकडील एक अर्थ. मराठीत तो जनावरावरून त्यावर बसणाऱ्या माणसावर आला. हा अर्थपालट बारगिराच्या स्थितीला साजेसा आहे. घोडा त्याचा नव्हे, परंतु घोड्यावाचून तो स्वारही नव्हे.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजी येथे आपली बखर लिहिली. पागेची रचना तीत नेमकेपणाने आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीस एक पखालजी व एक नालबंद, पाच हवाल्यांचा एक जुमला, असा हा चढता क्रम आहे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी, लष्करात स्त्रियांना मज्जाव, निघताना व परतताना चीजवस्तूची मोजदाद, हे नियमही तीत आहेत. बारगिराच्या आयुष्याची चौकट यातून कळते. परंतु त्या चौकटीत तो केवळ संख्या म्हणून उभा आहे.

नाशिक जिल्ह्यातील बागलाणात साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये झालेल्या लढाईच्या वर्णनात हे विशेष जाणवते. सूर्यराव काकडे या पंचहजारी सरदाराला तेथे नाव आहे, मरण आहे आणि महाभारतातील कर्णाची उपमाही आहे. इतरांच्या वाट्यास दुतर्फा मेलेल्या दहा हजार माणसांचा आकडा येतो. रणभूमीवर उडालेल्या धुळीत आपला कोण व परका कोण हे दिसेनासे झाले, असे बखरकार सांगतो. त्या धुळीतून सूर्यराव तेवढा वर काढला गेला आहे. बारगीर तीतच राहिला आहे. हा सभासदाचा दोष म्हणता येणार नाही. नामवंतांची कीर्ती सांगणे हे बखरीचे प्रयोजनच होते.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण तालुक्यातील हलवर्ण येथे छावणी करून असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र अभ्यासकांना परिचित आहे. रयतेच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून ते वारंवार उद्धृत होते. तो अर्थ खराच. पण तो अर्धा आहे. हे पत्र रयतेविषयी जितके आहे तितकेच बारगिराविषयीही आहे, आणि ते कळण्यासाठी त्याच्या वाक्यरचनेकडे पाहावे लागते.

पत्रातील मध्यवर्ती वाक्यात ‘कोणी’ हे सर्वनाम पुन्हा पुन्हा येते. कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला, असा त्याचा आशय आहे. क्रियापद भविष्यकाळी आणि कर्म दर वेळी निराळे. ‘कोणी’ला नाव नाही, परंतु प्रत्येक ‘कोणी’च्या हाती एक वेगळी वस्तू आहे. बखरीतील ‘दहा हजार’ या शब्दांत माणसे एकमेकांत मिसळून जातात. येथे ती एकेक करून सुटी होतात. शिवाय ज्या वस्तू त्यांच्या हाती आहेत त्या लुटीच्या नव्हेत, भुकेच्या आहेत.

याहून महत्त्वाची आहे ती पत्राची कार्यकारणाची साखळी. आज वैरण व दाणा बेहिशेबी खर्च झाला तर ऐन पावसाळ्यात तो मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील. मग स्वार गावात शिरतील. मग कुणबी परागंदा होतील आणि मोगल बरे होते असे म्हणतील. स्वाराचे गैरवर्तन येथे त्याच्या स्वभावाला चिकटवलेले नाही. कोठीच्या हिशेबाचा तो परिणाम मानला आहे. म्हणूनच जबाबदारी अंमलदारांवर टाकली आहे. आगीविषयीचा उत्तरार्धही याच जातीचा आहे. गंजीजवळ पेटवलेली चूल, बेसावधपणे ओढलेली तंबाखू, रात्री जळत ठेवलेला दिवा, त्याची वात पळवणारा उंदीर: छावणीतील रात्र या तपशिलांतून जितकी उभी राहते तितकी ती कोणत्याही बखरीत उभी राहत नाही.

हे सारे वरून पाहिलेले चित्र आहे, बारगिराचा स्वतःचा स्वर त्यात नाही, असा आक्षेप येऊ शकतो. तो मान्य करावा लागेल. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील घोडदळाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. तेथेही घोडा सरकारी होता. १८७१ नंतर साध्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, आणि १८६७ ते १८९१ या काळात सुमारे एक तृतीयांश शिपाई पळून गेले. परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी पत्रे व रोजनिश्या लिहिल्या, आणि त्यामुळे त्या जीवनाचा इतिहास शिपायाच्या शब्दांत मांडता आला. बारगिराच्या बाबतीत ती सोय नाही. त्याच्या जीवनाची खूण इतरांच्या भाषेतच शोधावी लागते.

इतरांच्या भाषेतील अशी एक खूण बंगालीत आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, आणि ‘बारगीर’ हा शब्द ‘बर्गी’ होऊन तेथील अंगाईगीतात भीतीचे नाव म्हणून शिरला. हलवर्णच्या पत्रात ज्या अनर्थाची शंका होती तो तेथे परमुलखात घडला. मराठीत जो माणूस ‘कोणी’ होता, तो बंगालीत केवळ भय झाला. त्या भयाची कारणे होती, हे नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु उपाशी घोडा आणि रिकामी कोठी यांचा त्या शब्दात मागमूसही उरला नाही. तो उरला आहे तो या पत्रात. गद्याच्या अभ्यासक्रमात साल्हेरच्या वर्णनाशेजारी हे पत्र ठेवले, तर शिवकालीन गद्य कीर्तीप्रमाणेच भूकही अचूक लिहू शकत होते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.