मानधनाची बाई आणि घराचे स्वप्न

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर आपल्याकडे जे लिहिले गेले, ते मुख्यतः वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांच्या आधाराने. यांतल्या अनेकजणी नोकरी करणाऱ्या होत्या, याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिले नाही. शांताबाई कांबळे सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या, ऊर्मिला पवार मुंबईत सरकारी कचेरीत होत्या, कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापिका. तिघींच्या लेखनात जातीशी झगडा आहे, तसा घराशीही आहे. आणि तरीही आपले साधे, सुखाचे घर असावे ही ओढ आहे. ही ओढ मध्यमवर्गीय ठरवून बाजूला सारणारा एक विचार आपल्यातही आहे. तो मला मान्य नाही.

‘अंतःस्फोट’ (१९८१) पाहा. नागपूरच्या कुमुद सोमकुवर संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या, पण नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहाने आडनाव बदलले, मग नोकरी मिळाली. म्हणजे बाईची नोकरीही तिच्या घराच्या नावावर ठरते. ‘आयदान’मध्ये (२००३) आई आयदाने विणून संसार चालवते. लेक नोकरी करून पुढे एम.ए. करू पाहते, तेव्हा आधी घर सांभाळ, ही नवऱ्याची अपेक्षा आड येते. पगार आला, पण चूल वाटून घेतली गेली नाही.

ही पुस्तके घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात यावे. येथील दलित, आदिवासी बाई उन्हाळा लागताच मोहफुले वेचते, पुढे तेंदूची पाने तोडते, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जाते. पाने पहाटे तोडायची, घरी आणून पुडके बांधायचे, मग फळीवर नेऊन द्यायचे. यात घर कोठे संपते आणि कामाची जागा कोठे सुरू होते?

तिची लेक शिकली की अंगणवाडी सेविका होते, नाहीतर आशा. गडचिरोलीच्याच ३९ खेड्यांत गावातल्या बायांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली गेली. त्यामुळे बालमृत्यू कमी झाले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे देशभर आशांकडे हे काम आले. पण मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. हा शब्द तपासला पाहिजे. मूल जोखणे, भरवणे, बाळंतिणीची चौकशी करणे हे बाई घरी करतेच, मग त्याचा पगार कसला, असा हा हिशेब आहे. घरात जे फुकट, ते सरकारदारी स्वस्त. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावे लागले, आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला.

म्हणून साध्या घराचे स्वप्न ही माघार नव्हे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, ज्यांच्या घरातही मालकी दुसऱ्याची, त्यांच्यासाठी ती मागणी आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषद भरली. तेथे मजूर स्त्रियांच्या रजेचे, पेन्शनचे ठराव झाले. आणि बायकोने नवऱ्याची दासी नव्हे, मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, असे बाबासाहेबांनी सांगितले. पगार आणि घर हे दोन्ही प्रश्न त्याच मांडवात उभे राहिले होते. आपल्या समीक्षेने मात्र पुढे त्यांची फारकत केली.

१६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. ज्या घरांनी ती घेतली, तेथे समतेची पहिली कसोटी चुलीपाशीच लागते. दिवसभर वजनकाटा उचलून, रजिस्टरे भरून, संध्याकाळी मोर्च्याची बैठक आटोपून सेविका घरी येते, तेव्हा भाकरी कोणी थापलेली असते? कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी याचे उत्तर आधी स्वतःच्या घरात द्यावे. या बाईचे आत्मकथन अजून यायचे आहे. ते येईल तेव्हा त्यात केवळ वेदना शोधू नये. तिने मागितलेल्या पगाराचा आणि विसाव्याचा हिशेबही वाचावा.