चिचेस्टरचा बाजारक्रूस

इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या चिचेस्टर या प्राचीन नगरात चार मुख्य रस्ते जेथे एकत्र येतात, त्या चव्हाट्यावर 1501 साली उभारलेला बाजारक्रूस आहे. क्रूस म्हणून उभ्या-आडव्या दगडाची अपेक्षा धरून येणाऱ्याची येथे निराशा होते. समोर असतो तो आठ कमानींचा, सर्व बाजूंनी मोकळा असा अष्टकोनी दगडी मंडप.

या वास्तूची वाखाणणी करणारे बहुधा वर पाहतात. कडेच्या खांबांवरून झेपावणाऱ्या आठ वक्र कमानी मध्यभागी एकवटून मुकुटाचा आकार घेतात. तो देखणा आहे, यात वाद नाही. परंतु आमच्या मते वास्तूचे मर्म खाली आहे. मधोमध एकच जाडजूड स्तंभ, त्यातून फुटून छतभर पसरलेल्या दगडी शिरा आणि त्याच्या पायथ्याशी सभोवार बसण्याचा दगडी कट्टा. बिशप एडवर्ड स्टोरी यांनी नगरसंस्थेकडून जागा विकत घेऊन हा मंडप बांधला, तो गोरगरिबांना बाजारपट्टी न भरता आपला माल विकता यावा म्हणून. डागडुजीसाठी दरसाल 25 पौंड उत्पन्नाची मिळकतही त्यांनी लावून दिली. हे ठाऊक झाल्यावर त्या कमानींचे मोकळेपण निव्वळ शोभेचे राहत नाही. दारच नाही, तेथे अडवणार कोण?

नंतर पडलेल्या भरीविषयी मात्र आम्हांला एवढे उदार होता येत नाही. एका बाजूस राजा पहिला चार्ल्स याचा अर्धपुतळा आला. 1724 साली एलिझाबेथ फॅरिंग्टन बाईंनी घड्याळ दिले; त्याच्या तबकड्या कोरीव कामाशी विसंगत दिसतात, तरी बाजारकऱ्यांच्या उपयोगाची वस्तू म्हणून त्या सोसवतात. 1746 मध्ये रिचमंडच्या ड्यूकने दुरुस्ती केली आणि ती केवळ आपल्या खर्चाने झाल्याचे शिलालेखात नोंदवूनही ठेवले. त्या लेखात बिशपांचे नाव आहे, त्यांना पद देणाऱ्या राजाचे आहे, ड्यूकच्या पदव्या आहेत. ज्यांच्यासाठी मंडप झाला, त्या गरीब विक्रेत्यांचा मात्र अवाक्षरानेही उल्लेख नाही.

1808 साली जॉन नॅश यांच्या आराखड्यानुसार नॉर्थ स्ट्रीटवर बाजाराची स्वतंत्र इमारत झाली आणि विक्रेते तिकडे गेले. ड्यूकचा लेख वाचायला आज क्वचितच कोणी थांबत असेल. कट्ट्यावर मात्र वाटसरू अजून टेकतात.