पडदा काळा झाल्यावर : हमीद मीर यांच्या पत्रकारितेचा शोध

हमीद मीर यांची आपल्याकडची ओळख बहुधा दोन वाक्यांत संपते. ओसामा बिन लादेनची मुलाखत घेणारा पत्रकार, हे पहिले वाक्य. सहा गोळ्या लागूनही वाचलेला पत्रकार, हे दुसरे. दोन्ही खरी आहेत. परंतु त्यांतून माणसाचे धाडस कळते, त्याचे काम कळत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

मीर यांचा जन्म १९६६ चा, लाहोरचा. वडील वारिस मीर पंजाब विद्यापीठात पत्रकारिता शिकवत आणि झिया-उल-हक यांच्या राजवटीत निर्भीडपणे स्तंभलेखन करीत. १९८७ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी मुलगा लाहोरच्या ‘जंग’मध्ये रुजू झाला. १९७१ च्या पूर्व पाकिस्तानातील लष्करी कारवाईला विरोध केल्याबद्दल बांगलादेशाने वारिस मीर यांना मरणोत्तर सन्मान दिला. तो २०१३ मध्ये ढाक्यात हमीद यांनी स्वीकारला. पाकिस्तानने बांगलादेशाची माफी मागावी, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले आहे. लष्कराला प्रश्न विचारण्याची रीत त्यांच्याकडे घरातूनच आली, असे म्हणायला हरकत नाही.

बिन लादेनला ते तीनदा भेटले : १९९७, १९९८ आणि नोव्हेंबर २००१. तिसरी मुलाखत सर्वांत गाजली. तेव्हा ते इस्लामाबादच्या ‘औसाफ’ या उर्दू दैनिकाचे संपादक होते. १० नोव्हेंबरला ती इंग्रजी ‘डॉन’मध्येही छापून आली आणि तीनच दिवसांनी काबूल तालिबानच्या हातून गेले. आपल्याकडे रासायनिक आणि अण्वस्त्रे आहेत, असा दावा बिन लादेनने तीत केला होता. दस्तऐवज म्हणून या मुलाखतीचे मोल मोठे आहे. पण तो दावा पडताळण्याचा कोणताही मार्ग विचारणाऱ्याच्या हाती नव्हता. भेटीची जागा, वेळ, पहारा सारे यजमानाचे. भेट मिळणे हेच यश ठरले की उत्तराची शहानिशा मागे पडते. ही उणीव मला पुढे त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कामातही दिसते.

२००२ मध्ये मुशर्रफ यांच्याच राजवटीत ‘पेम्रा’ हे नियामक मंडळ स्थापन झाले आणि खासगी वाहिन्यांना वाट मिळाली. ‘जिओ’वर ‘कॅपिटल टॉक’ त्याच वर्षी सुरू झाला. सरकारी वाहिनीच्या बातम्या ऐकण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर मंत्री आणि विरोधक एका टेबलाशी बसले आणि सर्वांना कळेल अशा उर्दूत त्यांना जाब विचारला जाऊ लागला. हे छोटे काम नव्हे. तरीही या प्रकाराची मर्यादा मान्य करावी लागते. चर्चेत आरोपाला प्रत्यारोप मिळतो, पुरावा क्वचितच मिळतो. तासाभराने पाहुणे उठून जातात आणि खरे काय, ते प्रेक्षकाने आपल्या पक्षाप्रमाणे ठरवायचे असते.

मग या कार्यक्रमाचे महत्त्व कशात? माझ्या मते, तो जेव्हा जेव्हा थांबवला गेला, त्या तारखांत. ३ नोव्हेंबर २००७ ला आणीबाणी आली आणि केबलवरून वाहिन्या गायब झाल्या. मीर यांनी ‘कॅपिटल टॉक’ इस्लामाबादच्या रस्त्यावर, लोकांच्या गर्दीत भरवला. वाहिन्यांना वाट देणाऱ्यानेच ती बंद केली होती. जुलै २०१९ मध्ये आसिफ झरदारी यांची मुलाखत सुरू झाली आणि काही मिनिटांतच पडद्यावरून उतरवली गेली. देशाची सत्ता नेमकी कुठे बसते, हे कोणत्याही चर्चेपेक्षा या खंडांनी प्रेक्षकांना स्पष्ट सांगितले.

१९ एप्रिल २०१४ ला कराचीत विमानतळावरून कार्यालयाकडे जाताना त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याआधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, इस्लामाबादेत त्यांच्या मोटारीखाली बॉम्ब सापडला होता. गोळीबारानंतर त्यांच्या भावाने ‘आयएसआय’च्या तत्कालीन प्रमुखांवर आरोप केला आणि ‘जिओ’ने त्या अधिकाऱ्याचे छायाचित्र तासन्‌तास दाखवले. लष्कराने आरोप फेटाळला. प्रतिस्पर्धी वाहिन्या ‘जिओ’वर तुटून पडल्या. समूहाने माफी मागितली, तरी जूनमध्ये परवाना पंधरा दिवस स्थगित झाला आणि एक कोटी रुपये दंड बसला. न्यायालयीन आयोगाच्या चौकशीतून हल्लेखोरांचा छडा लागला नाही. कुटुंबाचा संताप समजण्याजोगा आहे. परंतु संशयाला निकालासारखे दाखवणे ही वाहिनीची चूक होती आणि तिने विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले.

२८ मे २०२१ चे भाषण मला याहून अस्वस्थ करते. पत्रकार असद तूर यांना घरात घुसून मारहाण झाली, तिच्या निषेधसभेत मीर बोलले. तुम्ही आमच्या घरात शिराल तर आम्ही तुमच्या घरातल्या गोष्टी बाहेर काढू, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. काही दिवसांतच ते पडद्यावरून हटवले गेले. जूनमध्ये त्यांनी खुलासा करून दिलगिरी व्यक्त केली आणि मार्च २०२२ मध्ये ते परतले. त्यांना हटवणे अन्यायाचेच होते. पण त्या वाक्याचे काय? जी गोष्ट लोकहिताची आहे ती तेव्हाच छापायला हवी. जी खासगी आहे ती कधीच नाही. माहिती राखून ठेवून तिची धमकी देणे ही रीत पत्रकारितेची नव्हे, ती ज्यांच्याविरुद्ध तो बोलत होता त्यांची आहे.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. ज्याने गोळ्या झेलल्या, त्याचे एक वाक्य घरात सुरक्षित बसून तपासण्याचा अधिकार मला आहे का? आहे, असे मला वाटते, कारण न तपासता केलेला गौरव त्यांच्या कामाला पुतळ्यासारखे मुके करतो. शिवाय त्यांच्या शत्रूंनी त्यांना बोलण्याबद्दल शिक्षा दिली. त्यांच्या बोलण्याचे मोजमाप मात्र कधी केले नाही. ते आपण वाचकांनी करायचे आहे. तराजूत घातल्यावर उणिवा दिसतात, हे खरे. पण पडदा काळा झाल्यावर कॅमेरा घेऊन रस्त्यावर जाणे हे दुसऱ्या पारड्यात पडते आणि माझ्या हिशेबी ते पारडे अजून जड आहे.