पूर, शेत आणि मराठी साहित्यदृष्टी

मराठी साहित्यात दुष्काळाला जे स्थान लाभले, ते पुराला लाभलेले नाही. 'बनगरवाडी'त (1955) पावसाअभावी एक गाव हळूहळू रिते होते आणि त्या रितेपणातच कादंबरीला तिचा आकार सापडतो. पूर मात्र आपल्याकडे बहुधा एका रात्रीचा प्रसंग म्हणून अवतरतो. पाणी ओसरल्यावर शेताचे काय झाले, हा प्रश्न लेखकाला क्वचितच पडतो. टीकाकारालाही त्याची उणीव भासलेली दिसत नाही.

कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता याला अपवाद वाटेल. ती पुरानंतरचीच कविता आहे. तिच्यातील तरुण भिंत उभारीत आहे, चिखल काढीत आहे, आणि त्याला द्रव्य नको, धीर हवा आहे. तिची लोकप्रियता सर्वथा न्याय्य होय. तथापि ती घराची कविता आहे, आणि भिंत कोणत्याही महिन्यात बांधता येते. धानाला ही सवलत नाही.

भिलाई-दुर्गच्या पश्चिमेस शिवनाथ वाहते. पोलादाच्या कारखान्यामुळे भिलाईचे नाव देशभर झाले, परंतु भोवतालचा मुलूख धानाचाच राहिला. मोंगरा बंधाऱ्यातून पाणी सुटले की नदीकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. मात्र याच मुलुखात 'बियासी' नावाची एक रीत आहे: फेकून पेरलेले धान महिन्याभराचे झाले आणि बांधात पाणी साचले, की त्या उभ्या पिकातून हलका नांगर फिरवावयाचा, तण मरते, रोपे विरळ होतात. म्हणजे शेतात साचलेले पाणी येथे मशागतीचे साधन आहे. पूर कोणता, हे पीक किती दिवस बुडाले आणि तेव्हा ते कोणत्या अवस्थेत होते, यावरून ठरते. 'बियासी'चे भाषांतर 'कोळपणी' असे करणारा अनुवादक शब्द राखतो आणि पाणी गमावतो. दख्खनच्या कोरडवाहू जमिनीवर घडलेल्या आपल्या प्रमाणभाषेची ही मर्यादा आहे.

मराठीची नव्हे! झाडीपट्टीत बांधी, पऱ्हे, रोवणी, आवत्या हे शब्द नांदते आहेत. तेथेच 2020च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. गोसीखुर्द धरणातून मोठा विसर्ग झाला आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांतील काठची शेते पाण्याखाली गेली. रोवणी तेव्हा उरकलेली होती. नव्याने पऱ्हे टाकून रोवणी करण्याचा काळ निघून गेला होता. घर वाहून गेलेल्या माणसाला 'लढ' म्हणता येते. हंगाम हुकलेल्याने पुढच्या मृगापर्यंत लढावे ते कशाशी?

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी कुट्टनाडच्या पुरावरील कथेत छपरावर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या इमानातून सारा प्रलय उभा केला. लघुकथेने याहून अधिक काय करावे? परंतु पाणी उतरताच तीही संपते. रेणूंच्या 'ऋणजल धनजल' (1977) या पुस्तकात 1966चा दुष्काळ आणि 1975चा पाटण्याचा पूर शेजारी शेजारी आहेत, आणि नावातच दोहोंचा जमाखर्च एका वहीत मांडलेला आहे. पूर हीदेखील दुष्काळाइतकीच संथ गोष्ट असू शकते, हे ज्याला कळले त्यालाच असे नाव सुचते. हा विषय खरे तर कादंबरीचा आहे, वर्षभराच्या विस्ताराचा.

दिवाळीनंतर धान हाती आले की वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. ज्या वर्षी धान बुडाले, त्या वर्षी त्या मांडवात कोण येऊन बसले आणि कोणाची जागा रिकामी राहिली, इथून अशा कादंबरीला आरंभ करता येईल.