ज्ञानदेव-प्रश्न, मौनप्रमाण आणि संगणकीय मूलसाधने

मराठी धर्मेतिहासाच्या अभ्यासात जे वाद मिटले असे वाटूनही पुनःपुन्हा डोके वर काढतात, त्यांत ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि विठ्ठलपर अभंगांचा कर्ता एक की भिन्न, हा वाद अग्रगण्य होय. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहून हा प्रश्न उभा केला. त्यांच्या युक्तिवादाचे दोन मुख्य आधार होते. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा नामोल्लेख नाही, हा पहिला. अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीच्या भाषेहून अर्वाचीन दिसते, हा दुसरा. पहिला आधार मौनाचा, दुसरा भाषेचा. या दोहोंच्या पोटात वारकरी संप्रदायाच्या आद्य इतिहासाचाच प्रश्न दडलेला आहे. अभंगकार ज्ञानदेव वेगळे ठरले, तर ज्या परंपरेने ज्ञानदेवांस आपला पाया मानले तिच्या स्वतःविषयीच्या समजुतीलाच धक्का बसतो.

वाद जुना असला, तरी तो तपासण्याची साधने आता पालटली आहेत. ज्ञानेश्वरीची संहिता संगणकावर शोधता येते. जुन्या मुद्रित आवृत्त्यांच्या छायाप्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारख्या संग्रहांत घरबसल्या पाहता येतात. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) हे शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात एकत्र चाळता येतात. भारद्वाजांना जे विधान करण्यासाठी सुमारे नऊ हजार ओव्या वाचाव्या लागल्या, ते आज एक शब्द टंकित करून क्षणार्धात करता येते. या सुलभतेने प्रमाणाचे बळ वाढले काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. बळ आपोआप वाढलेले नाही. प्रमाणाची परीक्षा मात्र अधिक कठोर व्हावयास हवी, असे त्याचे उत्तर द्यावे लागेल.

१. शून्य उत्तराचा अर्थ

ज्ञानेश्वरीच्या संगणकीय संहितेत ‘विठ्ठल’ हा शब्द शोधल्यास उत्तर शून्य येते. हे शून्य म्हणजे ग्रंथाचे मौन, असे समजणे घाईचे आहे. शोधाचे उत्तर अक्षरांच्या एका विशिष्ट क्रमाविषयी असते. शब्दाविषयी नसते, आणि कल्पनेविषयी तर नसतेच. ‘विठल’, ‘विट्ठल’, ‘विठो’, ‘पांडुरंग’, ‘पंढरी’ ही रूपे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. देवनागरीच्या युनिकोड संकेतात तर डोळ्यांना एकच दिसणारे रूप दोन तऱ्हांनी साठविलेले असू शकते. ‘ऱ्य’ या जोडाक्षराच्या बाबतीत ही अडचण नेहमी येते. म्हणजे पान वाचणाऱ्याला जे दिसते, ते शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही.

या अडचणीचे बोलके उदाहरण मराठीच्या सीमेपलीकडे आहे. शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्या ग्रंथाचे संकलन १६०४ मध्ये झाले. तेथे पंढरीच्या देवाचे नाव ‘बीठल’, ‘बीठलु’ असे गुरुमुखीत येते. मराठी वर्णक्रमाने शोध करणाऱ्यास हे सर्व उल्लेख अदृश्य राहतील आणि पंजाबातील नामदेव विठ्ठलाचे नाव घेत नाहीत, असा सर्वस्वी चुकीचा निष्कर्ष निघेल. शोधकाने शब्दाचे सर्व संभाव्य लेखन आधी भाषाशास्त्रीय दृष्टीने मांडावे आणि मगच शोध घ्यावा, एवढे तरी यावरून ठरते.

ज्ञानेश्वरीपुरते पाहता, ही सर्व दक्षता घेऊनही विठ्ठलाचा स्पष्ट नामोल्लेख आढळत नाही. भारद्वाजांचे निरीक्षण येथवर खरे आहे. त्यापुढचा प्रश्न त्या मौनाचे वजन किती, हा होय. येथे एक गोष्ट त्यांच्या पक्षी जमा केली पाहिजे. पंढरपूरच्या ‘चौऱ्यांशी’च्या शिलालेखात शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातील देणग्यांची नोंद असून देणगीदारांत यादव राजा रामचंद्रदेव आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) त्याच राजाच्या अमदानीत पुरी झाली आणि ग्रंथाच्या समारोपात त्या राजाचा उल्लेखही आहे. तेव्हा ग्रंथकर्त्यास विठ्ठल ठाऊकच नव्हता, ही शक्यता उरत नाही. मौन अज्ञानाचे नाही; ते एक तर ग्रंथप्रकाराचे असेल, नाही तर निवडीचे.

ग्रंथप्रकाराचे कारण दुबळे नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे; तेथे बोलणारा देव श्रीकृष्ण आहे आणि समारोपात येते ती आदिनाथापासून निवृत्तिनाथापर्यंतची गुरुपरंपरा. टीकाकार आपल्या नित्य उपासनेतील दैवताचे नाव घेतोच, असा नियम दाखविता येत नाही. या नियमाची परीक्षा करावयाची तर एकाच ग्रंथातील शून्य पुरत नाही. ज्यांची टीका आणि स्फुट भक्तिरचना दोन्ही निर्विवादपणे उपलब्ध आहेत, अशा इतर ग्रंथकारांच्या टीकांत इष्टदेवतेचा उल्लेख किती वेळा येतो, हे मोजावे लागेल. संगणकीय संग्रहाचा खरा उपयोग येथे आहे. शून्य शोधण्यापेक्षा ते शून्य अपेक्षित होते की अनपेक्षित, हे ठरविण्यास तो अधिक उपयोगी पडतो.

२. भाषेचा पुरावा आणि संहितेची वंशावळ

दुसरा आधार भाषाभेदाचा. येथे तुलना कशाची कशाशी होत आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पडलेले अशुद्ध पाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) तिचे संशोधन केले. त्यापूर्वीच्या परंपरेची म्हणून मानलेली प्रत राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही त्याच वर्षी सिद्ध केले. १९६० च्या शासकीय आवृत्तीस तीच प्रत आधारभूत झाली. ज्ञानेश्वरी अशा रीतीने लेखनिकांच्या व संशोधकांच्या हातून आली. अभंग मात्र गळ्यातून आले. गाणारा पिढीगणिक जुने रूप सोडून चालते रूप घेतो. म्हणून अभंगांचे अर्वाचीन रूप हे प्रथमतः त्यांच्या संक्रमणाचे चिन्ह आहे, कर्त्याच्या काळाचे नव्हे. विनांद कॅलेवर्त व मुकुंद लाठ यांनी नामदेवांच्या हिंदी पदांच्या हस्तलिखितांचा अभ्यास करून १९८९ मध्ये गायकांच्या परंपरेचा पाठभेदांवरील ठसा दाखवून दिला. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवविषयक ग्रंथात (२००८) कीर्तनकारांच्या बाडांचे स्वरूप विशद केले. बाड हे कीर्तनाच्या उपयोगाचे टिपण असते. पूर्ण व स्थिर ग्रंथाची अपेक्षा त्याजकडून करता येत नाही.

संगणकीय संहितेने या वंशावळीत आणखी एक पिढी जोडली आहे. पडद्यावरची ज्ञानेश्वरी ही देखील एक प्रतच होय आणि ती टंकित करणारा हा नव्या काळाचा लेखनिक होय. कोणत्या मुद्रित आवृत्तीवरून ती उतरली, ‘-तें’ या द्वितीयेच्या प्रत्ययावरील अनुस्वार राखला की गाळला, ‘म्हणौनि’ व ‘म्हणोनि’ ही रूपे जशीच्या तशी ठेवली की एका साच्यात बसविली, याचा निर्देश बहुधा नसतो. ज्या चिन्हांवरून भाषेचा काळ ठरवावयाचा, तीच चिन्हे ‘शुद्धलेखना’च्या नावाखाली पुसली गेली असतील, तर त्या संहितेवरून केलेली गणना कितीही अचूक असली तरी तिचा विषयच नाहीसा झालेला असतो. धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला हा दोष सहसा जाणवत नाही, कारण त्याचे लक्ष अर्थाकडे असते आणि अर्थ तर अबाधित दिसतो.

तरीही भाषेची कसोटी टाकून देण्याचे कारण नाही. ती योग्य जागी लावली पाहिजे. गाणाऱ्याला चरणाच्या मध्यावरचा शब्द सहज बदलता येतो, पण यमकाच्या जागी असलेला शब्द बदलला तर यमकच मोडते. म्हणून अभंगांत जुनी रूपे कोठे टिकली असतील तर ती यमकस्थानी टिकण्याचा संभव अधिक. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांतील केवळ यमकस्थानची रूपे वेगळी काढावी. ‘कीजे’, ‘बोलिजे’ यांसारख्या ‘-इजे’ प्रत्ययान्त कर्मणी रूपांचे आणि जुन्या विभक्तिप्रत्ययांचे तेथील प्रमाण मध्यस्थानच्या प्रमाणाशी ताडून पाहावे. दोहोंत लक्षणीय अंतर पडले, तर अभंगांची अर्वाचीनता वरवरची आहे, असे म्हणता येईल. अंतर मुळीच पडले नाही, तर भारद्वाजांच्या बाजूस नवे बळ येईल. हाताने अशक्यप्राय असलेले हे काम संगणकीय संहितेवर काही दिवसांत होऊ शकते. पण ती संहिता हस्तलिखितास यथामूल असली पाहिजे आणि त्या हस्तलिखिताचा लेखनकाळ ज्ञात असला पाहिजे.

३. पुनर्परीक्षेची सोय

प्रमाण तेच, जे दुसऱ्यास पुन्हा तपासता येते. या दृष्टीने संगणकीय संग्रहांची एक मर्यादा अलीकडच्या घटनांनी ठळक केली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर झालेल्या संगणकीय हल्ल्यानंतर तेथील डिजिटल हस्तलिखिते दीर्घकाळ पाहता आली नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंटरनेट अर्काइव्ह’ची सेवाही काही काळ खंडित झाली. पोथी कपाटात असते तेव्हा ती कुठे आहे हे तरी ठाऊक असते. ज्या प्रबंधाचा आधार केवळ पडद्यावर पाहिलेल्या प्रतिमेचा असेल, त्याने त्या प्रतिमेची मूळ पोथी, तिचा संग्रह व क्रमांक, पानाचा अंक आणि ती पाहिल्याचा दिनांक हे सर्व नोंदविले नाही, तर त्याचा पुरावा वाचकाच्या हाती उरत नाही. शब्दशोधाच्या बाबतीत शोधलेली रूपे आणि वापरलेली संहिता यांचीही नोंद हवी. पदव्युत्तर प्रबंधांत ‘ज्ञानेश्वरीत हा शब्द नाही’ असे विधान या नोंदीवाचून येत असेल, तर ते असिद्ध समजणे हेच शास्त्रशुद्ध होय.

विद्यापीठांच्या विभागांकडेही यातून एक काम येते. पोथ्यांच्या नुसत्या छायाप्रती संगणकावर चढविल्याने संग्रह पुरा होत नाही. प्रतिमा, तिच्या शेजारी अक्षरशः उतरविलेली यथामूल संहिता, आणि त्याहून वेगळी ठेवलेली वाचनसुलभ संहिता, असे तीन थर केले, तर धर्मेतिहासाचा आणि भाषेतिहासाचा अभ्यासक यांना एकमेकांच्या वाटेत न येता एकाच साधनाचा उपयोग करता येईल.

या बाबतीत एकनाथांचा परिपाठ आजही अनुसरण्याजोगा आहे. पाठ शुद्ध केल्यावर त्यांनी ते काम लपविले नाही. शोधनाचे वर्ष आणि कारण ग्रंथाच्या अखेरीस नमूद केले व यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही दिली. त्यामुळे चार शतकांनंतरच्या वाचकाला आपण कोणत्या हातातून आलेला पाठ वाचीत आहोत हे कळते. संहिता कोणी, केव्हा, कशावरून उतरविली आणि तीत काय बदलले, एवढ्या चार ओळी प्रत्येक संगणकीय प्रतीच्या शेवटी लिहिल्या गेल्या, तर भारद्वाजांच्या प्रश्नाला निदान विश्वसनीय पुराव्याच्या आधारे उत्तर देण्याची सोय होईल.