निनावी वाहतूक आणि भारसंतुलन : एका मांडणीचे परीक्षण

मानपाडा हे नाव ठाणे जिल्ह्यात दोन ठिकाणी आढळते. एक मानपाडा ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर आहे. दुसरा डोंबिवलीच्या पूर्व भागात. 'पाडा' म्हणजे लहान वस्ती. तेव्हा असा घटक असलेले नाव एकाहून अधिक ठिकाणांस लाभावे, यात नवल नाही. ठाण्याच्या मानपाड्यास 'चितळसर-मानपाडा' म्हणण्याचा प्रघात आहे, तो या संदिग्धतेच्या निरसनास उपयोगी पडतो. नाव कळले म्हणजे पत्ता कळला असे होत नाही, हे व्यवहारात कोणासही सांगावे लागत नाही. इंटरनेटवरील निनावी वाहतुकीच्या चर्चेत मात्र हाच भेद वारंवार पुसला जातो.

अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत 1990 नंतरच्या दशकात सुरू झालेल्या संशोधनातून पुढे 'टॉर' हे जाळे सिद्ध झाले. त्यात प्रत्येक मागणी सामान्यतः तीन मुक्कामांवरून जाते. पहिल्या मुक्कामास पाठविणारा ठाऊक असतो, पण गंतव्य ठाऊक नसते. शेवटच्यास गंतव्य ठाऊक असते, पण पाठविणारा नसतो. येथे झाकला जातो तो पत्ता, नाव नव्हे. स्वतःच्या नावाने खाते उघडणारा मनुष्य टॉरमधून आला तरी निनावी राहत नाही. शब्दशः पाहता या वाहतुकीस 'निनावी' म्हणण्यापेक्षा 'बेपत्ता' म्हणणे अधिक यथार्थ ठरले असते. परंतु मराठीत तो शब्द हरवलेल्या माणसासाठी रूढ होऊन बसला आहे.

ज्या मांडणीचे परीक्षण येथे करावयाचे आहे, ती पुढीलप्रमाणे. एकाच यंत्रावर टॉरच्या, समजा, दहा प्रक्रिया चालवावयाच्या. प्रत्येकीस स्वतंत्र पोर्ट आणि स्वतंत्र माहितीसंचयिका द्यावयाची. आणि या सर्वांपुढे 2001 साली प्रथम प्रसिद्ध झालेला 'एचएप्रॉक्सी' उभा करून त्याने येणारी प्रत्येक जोडणी आळीपाळीने एकेका प्रक्रियेकडे द्यावयाची. या योजनेपासून वेग वाढतो आणि निनावीपणही वाढते, असे दोन लाभ सांगितले जातात. पहिला दावा अंशतः खरा आहे. एका मार्गाचा वेग त्यातील सर्वांत मंद मुक्कामाने मर्यादित होतो. मार्ग अनेक झाले की एकूण वहनक्षमता वाढते. दुसरा दावा मात्र टिकत नाही.

टॉर आपला पहिला मुक्काम दीर्घकाळ बदलत नाही, यामागे निश्चित विचार आहे. तो वारंवार बदलला, तर केव्हा ना केव्हा शत्रूच्या हाती असलेला मुक्काम निवडला जाणारच. दहा स्वतंत्र संचयिका म्हणजे पहिल्या मुक्कामाच्या दहा स्वतंत्र निवडी. एक मुक्काम वैऱ्याचा असण्याची शक्यता शेकडा 2 धरली, तर दहांपैकी निदान एक तसा असण्याची शक्यता शेकडा 18 च्या वर जाते. म्हणजे दारे वाढविली आणि सुरक्षितता वाढली असे मानले. प्रत्यक्षात वाढली ती पहाऱ्याची गरज.

आळीपाळीच्या वाटपाचा दुसरा दोषही लहान नाही. एकाच वाचकाच्या एकाच भेटीतील निरनिराळ्या मागण्या निरनिराळ्या देशांतून बाहेर पडू लागतात, आणि कुकीमुळे त्या सर्व एकाच व्यक्तीच्या आहेत हे संकेतस्थळास कळते. उगमपत्त्यानुसार वाटप करण्याची सोय एचएप्रॉक्सीत आहे. परंतु सर्व मागण्या त्याच यंत्रावरून येत असतील तर उगमपत्ता सर्वांचा एकच, त्यामुळे सगळा भार एकाच प्रक्रियेवर पडतो आणि संतुलनाचा हेतूच निष्फळ होतो. शिवाय प्रक्रिया जिवंत आहे की नाही याची साधी तपासणी केवळ पोर्ट उघडे असल्याचे सांगते. त्यामागे मार्ग बांधला गेला आहे काय, हे सांगत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न नोंदींचा आहे. नोंद चालू असल्यास एचएप्रॉक्सी मागणी करणाऱ्याचा पत्ता आणि वेळ लिहून ठेवतो. तीन मुक्कामांनी जे झाकले ते पहिल्याच उंबरठ्यावर लिहिले गेले, तर पुढील सारा खटाटोप व्यर्थ होय. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सेवादाते व कंपन्या यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस ठेवणे आवश्यक आहे. दुसरीकडे, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी निर्णयाने सांगितले आहे. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या संस्थेने अनेकांसाठी अशी प्रॉक्सी चालवून तिला बिनदिक्कत 'निनावी' म्हणणे, हा केवळ भाषेचा शैथिल्यदोष नव्हे; त्या शब्दावर विसंबून कोणी आपली सुरक्षितता पणास लावील.

भारसंतुलन त्याज्य आहे, असा याचा अर्थ नाही. मागण्या परस्परांपासून अलग राखावयाच्या असतील, तर टॉरच्या एकाच प्रक्रियेत निरनिराळी वापरकर्तानामे देऊन निरनिराळे मार्ग मिळविता येतात, आणि त्यासाठी पहिला मुक्काम दहापट करावा लागत नाही. 2023 मधील आवृत्तीपासून एकच प्रवाह एकाहून अधिक मार्गांत विभागण्याची सोयही टॉरने स्वतःच केली आहे. वाटप कोठे करावे हा प्रश्न वाटप कसे करावे याच्या आधीचा आहे; प्रस्तुत मांडणीने तो विचारलेलाच नाही.