रोहिणी म्हणजे नळ नव्हे

शाळेत हृदयविकार शिकवताना फळ्यावर एक चित्र हमखास काढले जाते. एक नळ, त्याच्या आतल्या बाजूस साचलेली पिवळी चरबी आणि मधून कसेबसे वाहणारे रक्त. दवाखान्याच्या भिंतीवरही बहुधा हेच चित्र असते. तुंबलेला नळ सर्वांनीच पाहिलेला असल्यामुळे ते चटकन समजते. तरीही ते आता बदलावे असे आम्हांस वाटते, कारण त्यातून मुले चुकीचे निष्कर्ष काढतात.

चित्रात जे बरोबर आहे ते आधी मान्य करू. रोहिणी (धमनी) अरुंद होते हे खरे. चढ चढताना छातीत दुखते ते त्यामुळेच. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढले की धोका वाढतो, हेही निर्विवाद आहे. परंतु नळ निर्जीव असतो आणि रोहिणीची भिंत जिवंत पेशींची असते. चरबी या भिंतीच्या अस्तराखाली साठते. ती उचलण्यासाठी रक्तातील मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटतात, आत शिरतात आणि तेथे त्यांच्या भक्षकपेशी बनतात. चरबी खाऊन त्या फुगतात, बऱ्याच तेथेच मरतात आणि दाह वाढत जातो. पुढे या साठ्यावरचे आवरण फाटले की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. पुष्कळदा फाटलेली जागा फारशी अरुंदही झालेली नसते. हे सारे ज्या पेशी घडवतात, त्याच आपल्या चित्रात नाहीत.

आता हे चित्र भोर तालुक्यातील हिर्डोशीसारख्या डोंगराळ, भातशेतीच्या गावातील फळ्यावर काढले आहे असे समजा. एखादा मुलगा सरळ म्हणेल, "आमच्या घरी कोणी जाड नाही. हा रोग शहरातल्या जाड माणसांचा." हाच मुलगा उद्या कामधंद्यासाठी पुण्याला गेला, म्हणजे काय होईल?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ पुरुष होते; काही खेड्यांतले, काही पुण्याच्या झोपडपट्टीतले, तर काही शहरी मध्यमवर्गीय. खेड्यातल्यांपेक्षा शहरी मध्यमवर्गीयांच्या अंगात चरबी अधिक होती, रक्तात दाहाच्या खुणाही अधिक होत्या आणि रक्तशर्करा वाढण्याशी या दोहोंचा संबंध होता. वजनाचा काटा येथे फसवतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

चरबी आणि साखर या पेशींना काय करतात? मेद हे नुसते कोठार नाही. लठ्ठपणात मेदऊतीमध्ये भक्षकपेशींची गर्दी होते, हे २००३ साली उंदीर आणि माणूस या दोहोंत दिसले. या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात. साखरेचा परिणाम आणखी खोलवर, अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतो. २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की रक्तशर्करा वाढली की मज्जेतून मोनोसाइट अधिक संख्येने बाहेर पडतात. शर्करा उतरवली की त्यांची संख्याही उतरते. २०२१ साली मधुमेही उंदरांची मज्जा शर्करा न वाढलेल्या उंदरांत घातली, तरी त्यांच्या रोहिण्यांतील विकार वाढला. जणू पेशींनी जुनी साखर लक्षात ठेवली होती.

उंदरावरून माणसाचा निष्कर्ष घाईने काढू नये. पण अमेरिका व कॅनडातील १,४४१ मधुमेहींच्या (इन्सुलिनवरच जगणाऱ्या प्रकारच्या) दीर्घ अभ्यासातही असेच काही दिसले. १९९३ पर्यंत ज्यांची शर्करा काटेकोरपणे आटोक्यात ठेवली होती, त्यांना पुढे दोन्ही गटांची शर्करा जवळपास सारखी झाल्यावरही लाभ मिळत राहिला. २००५ साली त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी आढळले. यात पांढऱ्या पेशींचा वाटा किती, हे मात्र या आकड्यावरून ठरत नाही.

दाहाचा पुरावा अधिक थेट आहे. २०१७ साली, आधी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह शमवणारे औषध दिले गेले. त्याच्या मधल्या मात्रेने झटके, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. या पेशी आपले रक्षणही करतात, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिरातींकडे विद्यार्थ्यांनी संशयाने पाहावे. येथे रोग होतो तो प्रतिकाराच्या अतिउत्साहाने.

नळाच्या चित्राची खरी किंमत रुग्ण मोजतो. नळ तुंबला तर मोकळा केला की काम झाले, असे त्याला वाटते. झटका आलेला असताना रोहिणी तातडीने उघडणे जीव वाचवते, यात शंका नाही. पण आजार स्थिर असलेल्या पाच हजारांवर रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांच्या जोडीला आधीच फुगा-जाळी किंवा बायपास केल्याने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. एक जागा मोकळी झाली तरी भिंतीतला दाह, मज्जा आणि मेद जेथल्या तेथेच राहतात.

तेव्हा शिक्षकांनी रोहिणीची भिंत जाड काढावी, तिच्या आत चरबी आणि भक्षकपेशी दाखवाव्यात आणि एक बाण मज्जेकडे, दुसरा पोटाच्या चरबीकडे न्यावा. मग मुलांना एक दोरा द्यावा. घरातील मोठ्या माणसांची उंची त्याने मोजून तो दुमडावा आणि कमरेभोवती धरावा. अर्धा दोरा पुरला नाही, तर माणूस सडपातळ दिसत असला तरी त्याची रक्तशर्करा व रक्तदाब तपासून घ्यावा. एवढे तरी मुलांनी त्या तासातून घरी न्यावे.